वांगी कलरची भिंत

आमच्या हॉलमधली एक भिंत गडद जांभळी आहे. फिकट लव्हेंडर वगैरे नाही हां. पिकून झाडाखाली पडलेलं जांभूळ असतं ना, नुसतं बघितलं तर काळंच वाटतं पण पायाखाली आलं की फरशीवर डाग उठतो आणि आठ दिवस जात नाही, तो रंग. शेडकार्डावर त्याचं काहीतरी भारी इंग्रजी नाव होतं, पण आईने बघितल्या बघितल्या "वांगी कलर" म्हणून टाकलं, मग तेच नाव पडलं. आता ह्याच रंगाची पैठणी असती तर आईने दुकानात आरशासमोर दहा वेळा खांद्यावर टाकून बघितली असती, नवरात्रात जांभळ्याच्या दिवशी अख्खी लोकल जांभळी होते तेही चालतं, ग्रिलवरचं कृष्णकमळ चालतं, पण भिंत म्हटलं की क्रीमच हवी.

पेंटरकाका सज्जन माणूस. फक्त एवढंच म्हणाले, "ताई, अख्ख्या रूमला?" म्हटलं नाही हो, सोफ्याच्या मागची एकच. "मग ठीकाय, पुढच्या वेळी पांढरी करताना एकीलाच जास्त कोट मारायला लागतील." म्हणजे रंग लागायच्या आधीच तो घालवायचा हिशोब तयार!

पहिला हात मारला आणि माझं तोंडच उतरलं. रोलरचे पट्टे, मधूनमधून खालचा पांढरा डोकावतोय, एकूण अवतार कोणीतरी जांभळाचं सरबत फेकून मारल्यासारखा. मला वाटलं डबा भेसळीचा आहे. काकांनी मग समजावलं की गडद रंगाचा बेसच वेगळा असतो, त्यात पांढरा जवळजवळ नसतोच. झाकायचं काम तो पांढराच करतो, टायटॅनियम डायऑक्साइड, आणि तो जास्त घातला की जांभळ्याचा लगेच लव्हेंडर होतो. म्हणून असे रंग पातळ काचेसारखे, थरावर थर चढवायचे, आणि खाली राखाडी प्रायमर असेल तर कोट वाचतात. हे आधी सांगितलं असतंत तर, असं मी मनातच म्हटलं, कारण चहा त्यांचाच गार होत होता. चौथ्या कोटाला भिंत एकदाची भरली.

ह्या रंगापायी लोकांनी काय काय केलंय. जुन्या काळी भूमध्य समुद्रातल्या गोगलगायी हजारोंनी मारून चिमूटभर जांभळा निघायचा, त्यामुळे तो राजेलोकांच्या अंगावरच. मग १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा सुट्टीत घरी बसून मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला, ते काही जमलं नाही, भांड्यात काळपट गाळ उरला, आणि तो स्पिरिटने धुताना जांभळा रंग सापडला. माझ्याकडून सुट्टीत भांडी करपतात तेव्हा असलं काही सापडत नाही.

भिंत दिवसभर एका रंगाची राहत नाही ही खरी गंमत. सकाळी नऊ ते अकरा खिडकीतून ऊन येतं तेव्हा ती खरी जांभळी, त्यात मागून लाल पण दिसतो. पांढरी ट्यूब लावली की निळसर, शाळेच्या शाईसारखी. आणि संध्याकाळी पिवळा दिवा लावला की चक्क चॉकलेटी, कारण त्या उजेडात निळा कमीच असतो. त्यामुळे संध्याकाळी आलेले पाहुणे "ब्राऊन छान वाटतोय" म्हणतात आणि सकाळी दूध घेऊन येणारा पोरगा जांभळा म्हणतो, दोघंही बरोबर.

घराबाहेर मात्र हा लाड चालत नाही. भिंतीच्या जोशात मी गावच्या घराचं लोखंडी गेटही असंच रंगवलं होतं, ऑइलपेंटने. मे महिन्यात दुपारी कडीला हात लावला की चटका, आणि दोन उन्हाळ्यांत पश्चिमेकडची बाजू उडून शिळ्या कोकमासारखी झाली, आतली बाजू अजून ठणठणीत. बाजूला जांभ्याचा गडगा, नाव जांभा पण रंग तांबडा, पावसात नुसता जास्त खुलतो. शेवटी गेट परत हिरवं.

घरातल्या भिंतीला ऊन कमी म्हणून ती टिकलीय. पण मॅट फिनिश घेतलं ही माझी घोडचूक, कुणाची नुसती बॅग घासली तरी खडूसारखी पांढरी रेघ. गेल्या महिन्यात घड्याळाची जागा बदलली तर जुन्या खिळ्याचं भोक बरोब्बर मध्ये. लांबी म्हणजे पुट्टी भरली, आता जांभळ्यावर पांढरा ठिपका. उरलेला डबा काढला तर आत रंगाची वडी झालेली, आणि झाकणावरच्या स्टिकरचा शेड नंबर ओघळांखाली गडप. शेवटी लेकीचं जांभळं स्केचपेन घेऊन ठिपका भरला. संध्याकाळी अजिबात कळत नाही. सध्या लोकांना सहानंतरच बोलावते.