बाबांचा खांदा

आज सकाळी फोंड्याच्या घरी सोप्यावर बसलो होतो. पार्किन्सन्सची (मेंदूच्या आजाराची) गोळी घेऊन तास झाला असेल, आणि बाबांचा खांदा, मान डुलायला लागली. बशीत चहा सांडला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "कंप वाढला वाटतं."

नाही हो काकी, हा कंप नव्हे. त्या गोळीतल्या लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन होतं, त्यावरच बाबा चालतात-फिरतात. पण काही वर्षांनी तीच गोळी ऐन भरात आली की अंग असं आपोआप हलतं. अंग आखडलेलं असतं तेव्हा मेंदूत सेकंदाला 13 ते 30 वेळा उठणाऱ्या बीटा लहरींचा जोर असतो. डुलतं तेव्हा बऱ्याचदा 60 ते 90च्या गॅमा लहरी दिसतात. हे समजल्यापासून "नीट बसा ना" म्हणणं मी सोडलंय. फार बोललो होतो त्यांना.

वेळ वहीत टिपली, डॉक्टरांना दाखवायला. मग कप मी धरला, बाबांनी पोई बुडवली.