झोपडीवालं अक्षर

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस इंदूरला नमकीनच्या फॅक्टरीत कामाला असलात तर घरी तुम्ही फक्त आंघोळीपुरते जाता. आमचं युनिट सांवेर रोडला, मी तिथं प्रॉडक्शन बघतो, आणि घर राजेंद्र नगरला म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी सकाळी साडेसहाला पोचलो, हातात पोह्यांचा कागद, जीरावन जरा जास्तच पडलेलं, आणि समोरून कार्टन भरणाऱ्या मावशी आल्या मिक्चरचं पाकीट घेऊन.

"दादा, हे बघा बरं. आज अक्षर वेगळंय."

मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. पण सगळा ऑक्टोबर मिक्चरच्या पाकिटावर 'बेस्ट बिफोर'ला फेब्रुवारी येत होता, एफईबी, म्हणजे त्यांच्या भाषेत ते दात पडलेल्या कंगव्यासारखं अक्षर. आणि आज तिथं झोपडी होती. झोपडी म्हणजे ए. एपीआर, एप्रिल.

पोहे तिथंच राहिले.

झालं असं होतं की रात्री तीन-सव्वातीनला लाईनवर लौंग सेव संपून मिक्चर लागलं होतं. आमच्याकडे सेवेला सहा महिने देतो, मिक्चरमध्ये शेंगदाणे-काजू असतात, ते लवकर खवट होतात म्हणून चार. रात्रपाळीच्या पोरानं कोडरवर, म्हणजे पाकिटावर तारीख-भाव छापणाऱ्या प्रिंटरवर, सेवेचा जॉब कॉपी केला, नाव बदललं, एमआरपी बदलली, बॅच नंबर टाकला, आणि ते सहाचं चार करायचं राहिलं. मिनिटाला पन्नास पाकिटं, दोनशे मिनिटं. हिशोब तुम्हीच करा. दहा हजार.

मालकांचा पहिला प्रश्न, "स्टिकर लावून होईल ना भिया?" नाही होत. 2011 चे पॅकेज्ड कमोडिटीजचे नियम आहेत, त्यात एमआरपी कमी करायची असेल तर वेगळा स्टिकर चालतो, तोही मूळ छापलेली किंमत न झाकता. तारखेवर स्टिकर मारून ती फिरवणं म्हणजे सरळ गुन्हा, आणि खाण्याच्या वस्तूवर दोन महिने फुकटचे वाढवून बाजारात पाठवायची माझी तरी छाती नाही. तेव्हा कात्र्या आणल्या. तीसेक माणसं खाली ताडपत्रीवर बसून दुपारी तीनपर्यंत पाकिटं कापत होती, ऐन सीझनला, लाईन बंद ठेवून. प्रत्येक पाकिटातला नायट्रोजन फुस्सकन जायचा आणि मला वाटायचं आपले पैसेच जातायत. क्वालिटीवाल्या ताईंनी माल परत भरायला साफ नकार दिला, तासन्तास उघडा पडलेला होता, अर्धा चुरा झालेला, त्यांचं बरोबरच होतं. सगळं जनावरांच्या खाद्यवाल्याकडे गेलं. पाकिटांची प्लास्टिक फिल्म भंगारात.

आणि ह्या सगळ्यात तो पोरगा कोपऱ्यात उभा, ह्याला काढा, ह्याचा पगार कापा, हे चाललेलं. मीपण सकाळी त्याला दोन शब्द सुनावले, खोटं कशाला बोलू.

पण दुपारी कोडरसमोर उभा राहून मी स्वतः तो जॉब भरून बघितला. बोटभर स्क्रीन, मेनूच्या आत मेनू, नवीन जॉब करायला सात मिनिटं लागली, आणि मागे लाईन उभी, सुपरवायझर ओरडतोय असं नुसतं मनात आणलं तरी मीपण जुनाच जॉब कॉपी केला असता. मग डोक्यात आलं ते जरा लाज वाटणारं होतं. त्याच वर्षी आम्ही मोठ्या तोऱ्यात 'लीन' केलं होतं ना, म्हणजे साठा आणि वाया जाणारा वेळ कमी करायची जपानी पद्धत! आधी एक माल दोन-दोन दिवस चालायचा, गोडाऊन छतापर्यंत भरायचं, आता लहान लॉट, ऑर्डर येईल तसं पॅकिंग. फिल्मला पाकिटाचा आकार देणारी फॉर्मिंग कॉलर बदलायचा वेळ पाऊण तासावरून बारा मिनिटांवर आणला, फोटो काढले, पेढे वाटले. पण लॉट लहान झाला म्हणजे चेंजओव्हर, एक माल काढून दुसरा लावणं, वाढले, दिवसाला तीनचे चौदा झाले, आणि दर चेंजओव्हरला एक माणूस झोपेच्या डोळ्यांनी कागदावरून बघून तारीख, भाव, बॅच बोटांनी टाइप करतोय, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. प्रिंटर म्हणजे काय, शिक्का मारणारा डबा! चुकायची संधी आम्हीच पाचपट केली आणि चूक झाल्यावर पोराला पकडलं.

शिगेओ शिंगो म्हणून जपानी इंजिनिअर होते, त्यांचा एक किस्सा ट्रेनिंगमध्ये ऐकला होता. 1961 साली यामादा इलेक्ट्रिकमध्ये स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या, कामगार एखादी विसरायचे. त्यांनी काय केलं, आधी दोन स्प्रिंगा छोट्या बशीत काढून ठेवायच्या, मग बसवायच्या, बशीत उरली की कळलं. असल्या युक्त्यांना ते आधी 'बाका-योके' म्हणायचे, मूर्खालाही चुकता येऊ नये अशी सोय. पुढे एका कारखान्यात ते नाव ऐकून एक कामगार बाई रडायलाच लागली, मी काय मूर्ख आहे का म्हणून, तेव्हा शब्द बदलून 'पोका-योके' केला, म्हणजे नजरचूक टाळणारी सोय. ट्रेनिंगमध्ये आम्ही हसलो होतो. त्या दुपारी पोराकडे बघून हसू आलं नाही.

नवीन मशीन घ्यायला लागलं नाही हे मालकांना फार आवडलं. प्रिंटर तोच, रिबनवाला. फक्त सगळ्या मालांची यादी एका कॉम्प्युटरवर टाकली, वजन, एमआरपी, किती महिने ते सगळं एकदाच, दोघांनी तपासून, नंतर कुलूप. आता ऑपरेटर वर्क ऑर्डरवरचा बारकोड स्कॅन करतो, मग फिल्मच्या रोलवरचा, दोन्ही जुळले तरच जॉब खाली येतो आणि मशीन चालू होतं, नाहीतर लाल दिवा. तारीख प्रिंटर स्वतः मोजतो. टाइप करायला काही ठेवलंच नाही. रिबन संपली किंवा तुटली तर मशीन थांबतं, हेही वायर जोडून घेतलं, ती सोय प्रिंटरमध्ये पहिल्यापासून होती, मागे ट्रिप होतं म्हणून कोणीतरी बायपास करून ठेवलेली. जपानच्या टोयोडांचा लूम, म्हणजे कापडाचा माग, 1924 मध्ये धागा तुटला की आपोआप थांबत होता आणि आम्ही इतक्या वर्षांनी बायपास मारून बसलोय!

एक गोष्ट मात्र पहिल्याच रात्री आपटली. बारा वाजले आणि प्रिंटरनं तारीख बदलली, आमचा फॅक्टरीचा दिवस सकाळी सहाला बदलतो, एकाच बॅचवर दोन तारखा. प्रिंटरमध्ये दिवस कधी बदलायचा ते सेट करता येतं, मला माहीत नव्हतं, पोराला होतं. त्यानंच केलं. हो, तो आहे अजून.

एक नोव्हेंबरला सकाळी मावशी आल्या. आता स्कॅनर आहे, लाल दिवा आहे, सगळं त्यांना समजावून झालेलं. तरी म्हणाल्या, "ते असू दे, मिक्चरला आता कोणतं अक्षर ते सांगा." मार्च. कार्टनच्या झाकणावर मार्करनं मोठा एम काढून दिला.

"दोन डोंगर," म्हणाल्या, आणि झाकण फाडून आपल्या टेबलामागे चिकटवलं.