दोन शहरांपैकी कोणते निवडावे?

बदलीच्या किंवा नव्या नोकरीच्या निमित्ताने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची व्यवस्था लावून देण्याचे काम मी बराच काळ करत आले आहे, आणि त्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो: दोन शहरांत जाण्याची संधी आहे, दोन्ही बरी वाटतात, तर कोणते निवडावे? विचारणाऱ्याकडे बहुधा एक तक्ता तयार असतो. त्यात पगार, घरभाडे, हवामान, शाळा, विमानतळ असे रकाने असतात, प्रत्येक रकान्यात दोन्ही शहरांना गुण दिलेले असतात आणि बेरजा जवळजवळ सारख्या आलेल्या असतात. तशा त्या आल्या नसत्या तर मला विचारण्याची वेळच आली नसती. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते. कोणते शहर घ्यावे हे मला सांगता येणार नाही. तुलना ज्या रीतीने केली जाते ती रीत मात्र बहुतेकदा फसवते, आणि ती कुठे फसवते एवढे मला नक्की सांगता येईल.

तक्त्याची पद्धत तशी जुनी आहे, आणि गंमत अशी की तिचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन स्थलांतराच्याच प्रश्नातून जन्माला आले. इंग्लंडमधील लीड्स शहरात धर्मोपदेशक असलेल्या जोसेफ प्रीस्टली यांना ब्रिटिश राजकारणी लॉर्ड शेलबर्न यांनी आपल्याकडे ग्रंथपाल म्हणून येण्याचे निमंत्रण दिले होते. जावे की राहावे हे प्रीस्टली यांना ठरवता येईना, तेव्हा त्यांनी अमेरिकी मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला मागितला. फ्रँकलिन यांनी सप्टेंबर 1772 मध्ये उत्तर पाठवले, त्याचा आशय असा: पुरेशी माहिती नसल्यामुळे काय ठरवावे हे मी सांगू शकत नाही, पण कसे ठरवावे हे सांगतो. कागदाचे दोन भाग करावेत, एका बाजूस अनुकूल आणि दुसऱ्या बाजूस प्रतिकूल मुद्दे तीन-चार दिवस जसजसे सुचतील तसतसे लिहावेत, आणि मग दोन्हीकडील समान वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर खोडत जावे. आजच्या तक्त्यांत हे खोडणेच नाहीसे झाले आहे. फ्रँकलिन वजन पाहत होते. आपण रकाने मोजतो, त्यामुळे विमानतळाचे अंतर आणि म्हाताऱ्या आईची सोबत या दोन्हींना तक्त्यात सारखीच एकेक ओळ मिळते.

प्रीस्टली 1773 मध्ये शेलबर्न यांच्याकडे गेले आणि पुढच्याच वर्षी तेथील प्रयोगशाळेत त्यांनी ऑक्सिजन वेगळा करून दाखवला. हा लाभ 1772 च्या कागदावर कोणत्याही बाजूला लिहिता आला नसता. स्थलांतराने नशीब उघडतेच असे मला यातून सुचवायचे नाही, कारण याच प्रीस्टली यांचे बर्मिंगहॅम येथील घर पुढे 1791 च्या दंगलीत जाळले गेले आणि तेही त्या शहराच्या रकान्यात आधी लिहिता आले नसते. शहर आपल्याला काय देईल किंवा आपल्याकडून काय नेईल यातला मोठा भाग यादीत येऊच शकत नाही, एवढे मान्य केले की बेरजेतील दोन-तीन गुणांच्या फरकावर रात्र जागवण्याचे कारण उरत नाही.

तुमची अडचण प्रीस्टली यांच्यापेक्षा थोडी वेगळीही आहे. त्यांच्या तुलनेची एक बाजू, म्हणजे लीड्समधील जीवन, त्यांच्या रोजच्या अनुभवाची होती. तुम्हाला दोन्ही शहरे परकी आहेत, आणि दोन अपरिचित गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की नजर भलत्याच ठिकाणी जाते. माणसे निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक क्रिस्टोफर शी यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. संगीतविषयक दोन जुने शब्दकोश होते: एकात 10,000 नोंदी आणि प्रत नव्यासारखी, दुसऱ्यात 20,000 नोंदी पण मुखपृष्ठ फाटलेले. ज्यांना एकच कोश दाखवला त्यांनी नव्यासारख्या प्रतीला अधिक किंमत देऊ केली. ज्यांना दोन्ही एकत्र दाखवले त्यांनी फाटक्या मुखपृष्ठाच्या मोठ्या कोशाला. 10,000 हा आकडा एकटा असताना त्याचा अर्थच लागत नव्हता, 20,000 शेजारी आल्याबरोबर तो कमी वाटू लागला. शब्दकोशाच्या बाबतीत एकत्र पाहणारेच शहाणे ठरले असे म्हणता येईल, कारण जास्त नोंदींचा उपयोग खरोखर होतो. शहराच्या बाबतीत मात्र हे उलटते. एका शहरात मिळणारे घर दुसऱ्यातल्या घरापेक्षा एका लहान खोलीने मोठे आहे ही गोष्ट तक्त्यात ठसठशीत दिसते. पण राहायला गेल्यावर शेजारी दुसरे घर तुलनेसाठी उभे नसते, आणि ती जादा खोली महिन्याभरात नजरेआड होते. याउलट जिन्यातला अंधार किंवा खिडकीखालची रात्रभराची वाहतूक यांना कोणत्याही तुलनेची गरज लागत नाही. त्या रोज स्वतःहून जाणवतात.

म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगते की तक्ता बाजूला ठेवा आणि सलग काही दिवस फक्त एकाच शहराचा विचार करा, जणू दुसऱ्याची संधी आलीच नव्हती. त्या शहरातील एक साधा कामाचा दिवस, उदाहरणार्थ मंगळवार, सकाळी उठण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत लिहून काढा: किती वाजता निघणार, कशाने जाणार, दुपारी मूल आजारी पडले तर कोण पोहोचणार, संध्याकाळी दमून आल्यावर कोणाशी बोलणार. मग काही दिवस जाऊ द्या आणि दुसऱ्या शहराचा मंगळवार लिहा. ज्या मंगळवारच्या जागा भरताना तुम्हाला वारंवार अडखळावे लागते, तेथील माहिती कमी आहे असे समजावे आणि ती आधी मिळवावी.

हवामानाबद्दल थोडक्यात. डेव्हिड श्केड आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना त्यांच्या आयुष्यातील समाधानाविषयी विचारले. कॅलिफोर्नियातले लोक अधिक सुखी असणार असा अंदाज दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी बांधला होता, पण प्रत्यक्ष समाधान दोन्हीकडे सारखेच निघाले. ज्याला दमा आहे किंवा सांधे धरतात, त्याने हवेला महत्त्व द्यावे. इतरांनी तो रकाना खोडला तरी चालेल.

पैशाची बाजू मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण ‘पगार जास्त पण भाडेही जास्त’ या टप्प्यावर येऊन बहुतेकांचा विचार थांबतो. हे असे होणारच, असे अर्थशास्त्रज्ञ जेनिफर रोबॅक यांनी 1982 मधील आपल्या शोधनिबंधात मांडले आहे. जे शहर राहायला सुखद असते तेथे लोक येत राहतात, म्हणून घरे महाग होतात आणि कमी पगारावरही माणसे मिळतात. जे शहर त्रासाचे असते त्याला माणसे टिकवण्यासाठी पगार वाढवावे लागतात किंवा भाडी उतरावी लागतात. म्हणजे शहराच्या सुखदपणाची किंमत आधीच ठरलेली असते आणि ती भाड्यातून वसूल होत असते. येथून पुढचा निष्कर्ष माझा आहे: ही किंमत सर्वसाधारण आवडीवरून ठरते, तुमच्या आवडीवरून नाही, त्यामुळे ज्या ठिकाणी तुमची आवड चारचौघांपेक्षा वेगळी आहे तेथेच तुम्हाला खरा फायदा करून घेता येतो. समुद्रकिनारा, रात्री उशिरापर्यंत चालणारी गजबज, मोठी नाट्यगृहे यांचे ज्याला विशेष नाही, त्याने त्या गोष्टींचे भाडे दरमहा का भरावे? आणि ज्याला लहान, संथ, इतरांना कंटाळवाणे वाटणारे शहर मनापासून आवडते, त्याला ते शहर स्वस्तात मिळत असते. तुमच्या यादीतील कोणती गोष्ट तुम्ही गेल्या वर्षी प्रत्यक्ष वापरली आणि कोणती केवळ जवळ असावी असे वाटते, हे वेगळे केले की अर्धा हिशेब उलगडतो.

बाजाराने सगळ्याच गोष्टींची भरपाई केलेली असते असे समजू नये. सर्वांत मोठा अपवाद म्हणजे रोजचा प्रवास. लांब राहणाऱ्याला त्याचा मोबदला स्वस्त घराच्या किंवा चांगल्या पगाराच्या रूपाने मिळत असला पाहिजे, असे अर्थशास्त्राचे तर्कशास्त्र सांगते. परंतु आलोइस श्टुत्झर आणि ब्रूनो फ्रे यांनी जर्मनीतील कुटुंबांच्या पाहणीच्या आधारे 2008 मध्ये दाखवून दिले की ज्यांचा प्रवास लांब, त्यांचे समाधान कमीच राहते आणि ही तूट भरून निघत नाही. घर निवडताना माणूस खोल्या मोजतो आणि प्रवास ‘करून घेऊ’ म्हणून सोडून देतो, असे मला प्रत्यक्ष कामातही दिसत आले आहे. ‘नवा मार्ग होणार आहे, मग वेळ वाचेल’ या आशेवरही फार विसंबू नये. चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडलेल्या निरीक्षणानुसार माणसे सरासरीने दिवसातला सुमारे एक तास प्रवासात घालवत आली आहेत, आणि वाहने वेगवान झाली तेव्हा तो तास कमी न होता शहरेच लांबवर पसरली.

प्रवासाचा विचार सुरू झाला की ‘शहर’ हे माप किती ढोबळ आहे हे लक्षात येते. आपण शहरात राहत नाही, एका पत्त्यावर राहतो. एकाच शहरातील दोन पत्त्यांवरचे मंगळवार हे दोन शहरांतील मंगळवारांपेक्षा एकमेकांहून अधिक वेगळे असू शकतात. म्हणून दोन्ही शहरांत तुमच्या ऐपतीतला, कामाच्या ठिकाणापासून खरोखर गाठता येईल असा एकेक पत्ता शोधा आणि तुलना त्या पत्त्यांची करा. पुष्कळदा असे होते की नावाजलेल्या शहरात असा पत्ता सापडतच नाही, आणि प्रश्न आपोआप सुटतो.

आता ज्या मुद्द्याबद्दल मला सर्वांत कमी विचारले जाते, पण जो माझ्या मते सर्वांत जड आहे, त्याकडे वळते. स्थलांतर एकट्याचे नसेल तर तक्ता कोणाचा आहे? अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी 1978 मध्ये कुटुंबाच्या स्थलांतराचा विचार करताना एक साधी गोष्ट मांडली: कुटुंबाचा एकूण फायदा होत असला तरी त्यातील एका व्यक्तीचा निव्वळ तोटा होत असू शकतो, आणि ती व्यक्ती केवळ नात्याने बांधलेली म्हणून बरोबर जाते. असे तोट्यात जाणारे माणूस बहुतेक वेळा पत्नी असते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तिचा अनुभव, तिची ओळखीची माणसे, तिची बढती यांची नोंद ‘तिलाही तिकडे काहीतरी मिळेल’ एवढ्या वाक्यात उरकली जाते. म्हणून दोघांनी आपापले मंगळवार वेगवेगळे लिहावेत, एकमेकांना न दाखवता, आणि मग समोर ठेवावेत. दोघांपैकी ज्याचा मंगळवार रिकामा निघतो त्याच्यासाठी कोणत्या शहरात अधिक मालक, अधिक संस्था, अधिक प्रकारची कामे आहेत, हे निर्णायक मानावे. हीच कसोटी तुमच्या स्वतःच्या नोकरीलाही लावावी: आज हातात असलेली नोकरी गेली तर त्याच शहरात, घर न बदलता, दुसरी मिळण्यासारखी आहे का? एकाच मोठ्या मालकावर उभे असलेले शहर चांगल्या पगाराचे असले तरी मला त्याची धास्ती वाटते.

माहिती कोणाकडून घ्यावी, यालाही महत्त्व आहे. सहसा आपण त्या शहरात राहणाऱ्यांना विचारतो, म्हणजे ज्यांचे तेथे जमले त्यांनाच. भूगोलाचे अभ्यासक रेव्हेनस्टाइन यांनी 1885 मध्ये स्थलांतराचे जे नियम मांडले त्यांत असा एक नियम आहे की स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहासोबत एक उलटा प्रवाहही असतो. त्या उलट्या प्रवाहातली, म्हणजे ते शहर सोडून आलेली दोन-तीन माणसे गाठावीत. ती कडवट बोलतील, पण का सोडले हे विचारले तर बहुधा नेमके उत्तर देतील, आणि ते कारण तुम्हाला लागू पडते की नाही हे तुम्हाला लगेच कळेल. ओळखीच्या माणसांचाही हिशेब करावा. जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधी मैत्री होण्यास सुमारे 50 तासांचा आणि जवळची मैत्री होण्यास 200 तासांहून अधिक सहवास लागतो असे आढळले. एखाद्या शहरात तुमचे एक जरी जिवाभावाचे माणूस आधीपासून असेल, तर तेवढ्या तासांची पुंजी तुमच्या खाती जमा आहे.

हे सगळे करूनही दोन्ही पारडी समान राहिली, तर ती समानच आहेत असे मानावे आणि आणखी माहिती गोळा करणे थांबवावे. अशा वेळी नाणे उडवण्यास माझी काही हरकत नसते. त्यानंतरची एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून घ्यायला सांगितले. काहींना नंतर ते बदलण्याची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा असलेल्यांना आपले छायाचित्र कमी आवडले. शहराच्या बाबतीत ही मुभा लोक वर्षानुवर्षे मनात जपतात आणि प्रत्येक वाहतूक कोंडीत न घेतलेल्या शहराची आठवण काढतात. घर विकत घेण्याची घाई करू नका असे मी सांगते, ते शहर बदलता यावे म्हणून नव्हे. पत्ता चुकला असेल तर पहिल्या वर्षातच तो त्याच शहरात सुधारता यावा म्हणून. त्यासाठी थोडे जास्त भाडे पडले तरी कमी मुदतीचा करार करावा, आणि दुसऱ्या शहरातील घरांच्या व नोकऱ्यांच्या जाहिराती मोबाइलवर येत असतील, तर त्या होकार कळवल्याच्या दिवशीच बंद करून टाकाव्यात.