यादीतलं औषध हलकं असतं का?

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "सरकारी दवाखान्यात अत्यावश्यक औषधांच्या यादीतलंच देतात. ते हलकं असणार. तुम्ही भारीतलं द्या." तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: हलकं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये काढली. आपल्या देशाची १९९६ मध्ये आली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. आजार किती जणांना होतो, गुण येतो याचा पुरावा काय, धोका किती, हे तपासून निवड होते. दर्जाची शंका जरूर घ्या, पण ती त्या कंपनीच्या मालाबद्दल, त्या बॅचबद्दल. यादीचा त्यात दोष नाही.

महागडी औषधं यादीत घ्यायला पूर्वी संघटनाही कचरायची. एचआयव्हीच्या तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च यायचा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तोच ३५० डॉलरला देऊ केला आणि २००२ मध्ये एचआयव्हीची औषधं संघटनेच्या यादीत मोठ्या संख्येने आली. महाग म्हणून बाहेर ठेवायचं नाही, गरजेचं आहे ना, मग किंमत खाली आणायची, असा विचार रुजला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. २०१५ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिबही संघटनेच्या यादीत आलं. याला हलकं कोण म्हणेल?

आता स्वस्तातलं बघा. लेकराला जुलाब लागतात, चिठ्ठीवर अँटिबायोटिक, जुलाब बंद करणारं सिरप आणि वर टॉनिक. शौचातून रक्त पडत नसेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही, आणि जुलाब दाबणारी औषधं लहान मुलांना देऊच नयेत. चिठ्ठी मी बदलू शकत नाही. डॉक्टरांना फोन मात्र करतो. जीव वाचवतात ती यादीतली दोन साधी औषधं, ओआरएस (पाण्यात विरघळवून पाजायची पावडर) आणि झिंक (जस्त). ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत साडेवीस ग्रॅम पावडर असते: ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम, सायट्रेट. ही अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. ग्लासात अंदाजाने चमचाभर टाकलीत तर प्रमाण बिघडतं. ते पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. मूल मलूल पडलं, पीत नसेल, डोळे खोल गेले तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. आणि जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पुरं करा.