येवल्याची धूपछाव आणि दुकानातला उजेड

शिर्डीचे दर्शन आणि तिथली रांग यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही; लिहायचे आहे ते तिथून तीसेक किलोमीटरवरच्या येवल्याविषयी, आणि तेही एका दुकानात आलेल्या रागापायी. मला धूपछाव पैठणी पाहायची होती, म्हणजे जिच्या अंगाचा ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे ती हलली की रंग पालटते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर छतभर पांढरे दिवे होते, खिडक्या आरशांनी बुजवल्या होत्या आणि समोर पसरलेली प्रत्येक धूपछाव तिथे सारखीच मळकट दिसत होती. एक साडी दाराशी उन्हात नेऊ का, असे विचारले तेव्हा "मॅडम, कपडा तोच आहे, बाहेर काय वेगळं दिसणार?" असे उत्तर मिळाले. वेगळे दिसावे म्हणूनच तर विणकर दोन रंगांचे रेशीम घेऊन बसतो! शिर्डीकडच्या गाड्यांची गर्दी होती, त्यामुळे आमच्यासारख्या चोखंदळ गिऱ्हाइकांची त्यांना फिकीर नसावी.

मागच्या गल्लीतल्या एका विणकर काकांच्या घरी मात्र मागाजवळ एकच खिडकी होती, आणि तेवढी पुरली. त्यांनी लाल ताण्याचा, हिरव्या बाण्याचा हातभर तुकडा खिडकीसमोर आडवा धरला आणि जागच्या जागी पाव फेरा फिरवला. हिरवा दिसणारा तुकडा लाल झाला. रेशमाचा धागा गुळगुळीत असतो, त्यामुळे ज्या धाग्यांवर उजेड आडवा पडतो ते चकाकतात आणि काटकोनात विणलेले दुसरे मंद राहतात. चहूबाजूंनी दिवे लावले की दोन्ही धागे एकदमच उजळतात, रंग एकमेकांत मिसळतात आणि सगळी गंमत संपते. तुकडा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला तेव्हा लाल आणि हिरवे ठिपके वेगवेगळे दिसले. तिसरा रंग कुठेच नव्हता. जरीचा काठ मात्र कसाही फिरवला तरी जरीचाच राहत होता.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, रेशीम बेंगळुरूकडून येते, जरीचा धागा सुरतेचा, हे सगळे काकांनी पदरावरचा मोर भरता भरता, इवल्या तिल्यांवरून, म्हणजे रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्यांवरून, नजर न काढता सांगितले. त्यांचा खरा जीव अडकला होता तो शिवणकामात. "ताई, ब्लाउजपीस शिंप्याकडे द्याल तेव्हा सांगा, बाह्या आडव्या कापू नको. पाठ हिरवी दिसते आणि बाही लाल, मग बायका आम्हालाच बोल लावतात." साडी मी त्यांच्याकडूनच घेतली, भावात घासाघीसही केली नाही. पुण्यातल्या आमच्या शिंप्याला मात्र हे अजून पटलेले नाही. उभे कापले तर कापड पुरत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.