पानशेतचा पूर बघितलेली माणसं आणि माझे बारा-बारा फोटोंचे रोल

पानशेतच्या पुराचे जे फोटो नेहमी बघायला मिळतात त्यात पडलेले वाडे असतात, चिखल असतो, माणसं असली तरी लांबून, पाठमोरी वगैरे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे, आणि ज्यांनी तेव्हा संसार मांडले होते ते तर फारच थोडे उरलेत. म्हणून ठरवलं की या लोकांचे पोर्ट्रेट काढायचे, फिल्मवर, ब्लॅक अँड व्हाईट. मी काही प्रोफेशनल नाही, नोकरी वेगळीच आहे, हे शनिवार-रविवारचं वेड. कोणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

माणसं शोधणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. पुण्यात नारायण, शनिवार, कसबा या पेठांमधल्या कुठल्याही जुन्या घरात पानशेत हा शब्द काढा, कोणीतरी सांगतंच की आमच्या वरच्या आजींना भेटा. अवघड एवढंच की तिथली बरीचशी माणसं आता तिथे नाहीतच. पुरानंतर लोक गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींमध्ये गेले, गोखलेनगरला तर आधी अर्धगोल पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, उन्हाळ्यात आत भट्टी. त्यामुळे नदीकाठच्या पुराचे साक्षीदार टेकडीच्या पायथ्याशी सापडतात.

कॅमेरा यशिका मॅट १२४ जी, सेकंडहँड. १२० ची फिल्म, एका रोलमध्ये फक्त बारा फोटो. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचं असतं, म्हणजे समोरच्या माणसाला आपला डोळा दिसतच नाही, दिसतो तो आपला भांग. मोबाईल वर केला की म्हातारी माणसं लगेच ताठ होतात, पदर सारखा करतात, इथे मी मान खाली घालून खुडबुड करत असते तेव्हा त्या आपल्या बोलत राहतात. एका आजींनी तर विचारलं, "अगं, तू त्या डब्यात काय शोधतेयस?" फ्रेममध्ये डावं-उजवं उलटं दिसतं, त्याची सवय व्हायला वेळ लागतो, बाकी तक्रार नाही.

खरी मारामारी उजेडाशी. जुन्या वाड्यातल्या खोल्या म्हणजे भरदुपारी दिवे लावावे लागतील अशा, आणि फ्लॅश मला नको होता, कारण ऐंशी-नव्वदच्या माणसाच्या डोळ्यात फ्लॅश मारणं मला बरं वाटत नाही. मग इलफर्ड एचपी फाईव्ह घेतली, ती मुळात ४०० आयएसओची (फिल्म कमी उजेडात किती टिपते त्याचा हा आकडा), पण मी १६०० धरून एक्स्पोज करते आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या केमिकलमध्ये, जास्त वेळ ठेवते. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० डिग्रीला साडेसात मिनिटांच्या जागी चौदा मिनिटं. ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, दिसतो, काळं जरा जास्तच काळं होतं, पण सुरकुत्यांना ते शोभतं असं माझं मत. खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरावर, कॅमेरा ट्रायपॉडवर, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची वायर) हातात. आणि २० डिग्री हे एप्रिलमधल्या पुण्यात स्वप्नच, नळाचं पाणीच कोमट येतं, त्यामुळे घमेल्यात बर्फ घालून त्यात केमिकलच्या बाटल्या बुडवून बसायचं, घरचे म्हणतात हिचं सरबत चाललंय. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर.

पण हे सगळं तंत्र झालं, ते कोणीही शिकेल. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो प्रश्न कसा विचारायचा हे कळायला.

"काका, पूर कसा होता?" असं विचारलं की साठ वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट बाहेर येते. सकाळी पानशेत फुटलं, लोंढा खाली खडकवासल्यावर आला, दुपारी ते जुनं दगडी धरणही गेलं, लकडी पूल पाण्याखाली. पुरुषमंडळी तर थेट धरणाच्या इंजिनिअरिंगवरच येतात, की मातीचं धरण पुरतं झालेलं नसताना घाईघाईने पाणी साठवलं, पाणी सोडायच्या मोरीच्या कमानीत लोखंडच घातलं नव्हतं, त्या काळी पोलादाची टंचाई, ती खचली आणि वरचा बांध बसला, जवानांनी वाळूची पोती टाकून टाकून धरण जमेल तेवढा वेळ तगवलं. मग चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांनी आयुष्य संपवलं, नंतर नाईक आयोग आला, इथपर्यंत सगळं पाठ. हे खरं आहे, महत्त्वाचंही आहे, पण हे बोलताना चेहरा भाषण करणाऱ्याचा होतो आणि फोटोत तेच येतं.

मग मी प्रश्न बदलला. "घरातून निघताना हातात काय होतं?"

या प्रश्नावर सगळे आधी गप्प होतात. नारायण पेठेतल्या एक आजी तेव्हा नव्या सूनबाई होत्या, त्यांनी सांगितलं दुधाचं पातेलं. दूध तापत होतं, खालून ओरडा झाला, त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि पातेलं उचलून तशाच गच्चीवर गेल्या, मंगळसूत्र सोडलं तर बाकी दागिने खालीच, आणि सासूबाई पुढे कित्येक वर्षं त्यावरून बोलत होत्या. हे सांगताना त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, पातेलं धरतात तसे, आणि मी तेव्हाच शटर दाबलं. तो फोटो सगळ्यात चांगला आलाय.

जे तेव्हा लहान होते त्यांना जिने आठवतात. पाणी किती पायऱ्या चढलं हे अगदी बोटावर मोजून सांगतात, लोंढा कसा दिसत होता ते मात्र नाही, कारण त्यांना कोणी कठड्यापाशी जाऊच दिलं नव्हतं. बायकांना आठवतो नंतरचा चिखल, भिजून फुगलेलं धान्य, त्याचा वास, आणि पाण्याचे हाल. खडकवासलाच गेल्यावर शहराला पाणी कुठून येणार, म्हणून वाड्यांतल्या विहिरी आणि आड उपसत बसायचं. आणि दुसऱ्या दिवशीची ती "परत पाणी आलं, पळा" ही आवई बहुतेक सगळेच सांगतात, एक काका म्हणाले पुराला घाबरलो नव्हतो एवढा त्या पळापळीला घाबरलो, पर्वतीवर पोचेपर्यंत एक चप्पल पायात होती.

म्हणून आता माझी पद्धत अशी की पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. चहा, गप्पा, घरच्यांची ओळख. परवानगी त्या व्यक्तीची घ्यायची, नुसती मुलाची किंवा सुनेची नाही, कारण घरचे उत्साहाने हो म्हणतात आणि आजोबांना मुळीच नको असतं. असं झालंय, आणि तिथून मी नमस्कार करून परत आलेय. फोटो दुसऱ्या भेटीत, तोही बोलणं झाल्यावर किंवा बोलता बोलता. कपड्यांवर मी काही सांगत नाही. एका आजींनी खास नऊवारी नेसली, एका काकांनी बनियनवरच बसतो म्हणून सांगितलं, दोन्ही बरोबर.

काही जुन्या इमारतींच्या भिंतींवर त्या पाण्याच्या उंचीची खूण आहे. तिथे माणसाला उभं करायचा मोह मला फार होता, डोक्याच्या वर हातभर रेघ आणि खाली तो माणूस, फोटो म्हणून जबरदस्तच. दोन-तीन काढले आणि थांबले. त्यात लोक रेघेकडे बघतात, माणसाकडे कोणी बघत नाही.

शहरातली माणसं झाल्यावर वर पानशेतकडेही गेले, वेल्ह्याच्या भागात. हे आधीच करायला हवं असं एका मित्राने सुचवलं होतं आणि त्याचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. पुण्यात पानशेत म्हणजे आलेलं पाणी, आंबी नदीच्या खोऱ्यात पानशेत म्हणजे गेलेली जमीन. धरणासाठी गावं उठली, मग धरण फुटलं, आणि मग ते परत बांधलं. तिथले एक आजोबा म्हणाले, "तुमच्या शहराचा एक दिवस गेला बाई, आमचं कायमचंच गेलं." त्यांचा फोटो उघड्यावर, ढगाळ हवेत काढला, तिथे ४०० ची फिल्म ४०० लाच चालली. पुण्याच्या फोटोंशेजारी तो ठेवला की ते सगळे वेगळेच वाटायला लागतात. त्यांच्यासारखी अजून माणसं मला हवी आहेत, खोऱ्यातली.

प्रत्येकाला एक प्रिंट नेऊन द्यायचीच, हा नियम. स्कॅन पाठवून भागत नाही, हातात कागद हवा. मित्राच्या बाथरूममध्ये एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र) लावून आठ बाय दहाचे प्रिंट करतो. त्या पातेलंवाल्या आजींना दिला तर म्हणाल्या, "फार काळी आलेय गं मी, जरा उजळ करून दे." दिला करून, थोडा कमी कॉन्ट्रास्टचा. दोन्ही ठेवून घेतले. मग त्यांच्या सूनबाईंचा फोन आला की आजींचे मोठे भाऊ गोखलेनगरला असतात, त्यांना अजून जास्त आठवतं, दिवाळीच्या आत जाऊन या, फक्त दुपारी झोपेतून उठवायचं नाही, चारनंतर जायचं. चारनंतर त्या खोलीत उजेड किती असतो ते आधी जाऊन बघून यायला लागेल.