तुम्ही विचारलंत म्हणून: गडचिरोलीत बंदुकीने काय साधलं?

गडचिरोलीची आहे म्हटलं की पुण्या-मुंबईत हमखास एक प्रश्न येतो. ‘पोलिसांना मोकळीक दिली म्हणूनच नक्षलवादी हटले ना? मग हे आधीच का नाही केलं?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बंदूक लागली, हे खरंच आहे. 1 मे 2019 ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला नक्षल्यांच्या भूसुरुंगाने 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. अशा लोकांपुढे नुसतं समजावून भागत नाही.

पण कडक कारवाई आमच्यापेक्षा इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडच्या बस्तरमध्ये जास्त झाली होती. 2005 मध्ये तिथे सलवा जुडूम सुरू झालं, म्हणजे सरकारच्या पाठबळाने आदिवासींनाच नक्षल्यांविरुद्ध उभं करणारी मोहीम. गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली. जो आला नाही तो नक्षल्यांचा, असा हिशोब. घरं जळली, माणसं जंगलात नाहीतर आंध्रात पळाली. मग माओवादी खचले का? 6 एप्रिल 2010 ला ताडमेटल्यात त्यांच्या हल्ल्यात एका सकाळी 76 जवान गेले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सारकेगुड्यात 17 जण सुरक्षा दलांच्या गोळीबारात मेले. ते माओवादी असल्याचा पुरावा न्यायालयीन आयोगाला मिळाला नाही. घर जाळलेल्या पोराला दलमकडे, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीकडे, कोणी ओढून न्यावं लागत नाही.

आमच्याकडे 1990 मध्ये पोलीस अधिकारी के. पी. रघुवंशींनी सी-60 हे पोलिसांचं कमांडो पथक उभं केलं. इथलीच साठ पोरं, गोंडी-माडिया बोलणारी. भामरागड-एटापल्लीकडच्या गावात रात्री दलम यायचं, भात मागायचं. सकाळी पोलीस येऊन विचारायचे, भात कोणी रांधला? बाहेरून आलेल्या जवानाला त्या घरातला प्रत्येक माणूस नक्षली दिसतो. इथल्या पोराला कळतं, भात भीतीने दिला की मनापासून. माझ्या मते सी-60 ची खरी ताकद ही होती, बंदूक त्यानंतर.

तरी आमचेही हात स्वच्छ आहेत असं मी म्हणणार नाही. एप्रिल 2018 मध्ये कसनासूर आणि पाठोपाठच्या चकमकीत 40 जण मारले गेले. त्यांत गट्टेपल्लीची पोरं होती. पोलीस म्हणाले, दलममधली नवी भरती. घरचे म्हणाले, लग्नाला निघाली होती. त्या आयांना समाधानकारक उत्तर मिळायलाच हवं होतं. चाळीसचा आकडा ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्यावरच चिडतात.

आणि शेवटचा मोठा घाव गोळीने बसलाच नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवून आला. त्याची बायको तारक्का, तीही माओवादीच, त्याच वर्षी जानेवारीत शरण आली होती. दबाव होता म्हणून ते थकले, कबूल. पण 2005 पासून राज्याची आत्मसमर्पण योजना होती, परतलेली माणसं जिवंत राहताना आतल्यांना दिसत होती. परत गेलं तरी मरणच आहे असं वाटलं असतं तर ते शेवटच्या काडतुसापर्यंत लढले असते.

नक्षलवाद संपला का, म्हणाल तर अजून नाही म्हणेन. आमच्याकडे जातीच्या दाखल्यासाठी माणूस पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ या मदत खिडकीपाशी उभा राहतो. पोलीस मनापासून मदत करतात, पण ते काम तहसीलचं आहे. जंगलात आधी बंदूकवाला पोचला, दाखलेवाला अजून वाटेतच आहे.